सिस्टरांचं धनुष्य

(कुवेतच्या फिंतास भागातल्या एका फ्लॅटची बाल्कनी. इथं राहणारी नर्स विजया आणि फहाहीलच्या हार्डवेअर दुकानातले मुस्तफा. दोघांच्या मध्ये, भिंतीला अडकवलेलं, माणसाहून उंच असं अर्धवट धनुष्य.)

मुस्तफा : हां हां हां! थांबा सिस्टर! त्या गाठीवर रंधा नको.

विजया : अहो, तिथंच तर फुगीर राहिलंय. बाकी सगळं वाकतं, तेवढाच भाग ताठ.

मुस्तफा : ऱ्हाऊ दे ताठ. फांदी तुटली होती तिथं, झाडानं आपणच भरून काढलंय.

विजया : म्हणजे टाके घातलेली जागा.

मुस्तफा : तुमच्या भाषेत तसं. गाठ सपाट केलीत तर पहिल्याच ओढीला तिथून तुटणार. आमचे अब्बा रत्नागिरीस होड्या बांधायचे. गाठ आली की हत्यार वळसा घालून न्यायचे.

विजया : बरं झालं ओरडलात. सव्वा वर्ष घासतेय मी. यू नावाच्या झाडाचं लाकूड, थेट इंग्लंडहून मागवलेलं. इथल्या कोरड्या हवेत तडकू नये म्हणून तीन महिने बाथरूममध्ये ठेवलं होतं. आमच्या ह्यांना आंघोळीला त्याची परवानगी लागायची! आज मोडलं ना, तर मी हा नादच सोडणार.

मुस्तफा : असं बोलू नका. काय लाकूड हाय! पाठ पांढरी, पोट लाल. पाठ ताण खाते, पोट दाब खातं. खुदाची कारागिरी. पण सिस्टर, जुन्या इंग्रजांचं लढाईचं धनुष्य, पंचेचाळीस किलो ओढायचं... बायमाणसाला झेपेल?

विजया : वीस वर्षं पेशंट उचलतेय, मुस्तफाभाई.

मुस्तफा : माफी, माफी. आता गाठीच्या दोन्ही बाजूंनी वाईच खरवडा. काचेच्या तुकड्यानं. कागदाएवढं, जास्त नाय.

विजया : ...झालं. धनुष्याची दोरी काट्याला अडकवलीय, खालच्या कप्पीतून मी ओढते. तुम्ही काटा वाचा. गावी जाताना बॅगा तोलतो, तोच आहे.

मुस्तफा : पंचवीस... तीस... सिस्टर, करकरतंय!

विजया : कप्पी करकरतेय. लाकूड गप्प आहे. वाचा पुढं.

मुस्तफा : अडतीस... या अल्ला... पंचेचाळीस!

विजया : कसं दिसतंय? मला मान वळवता येत नाहीये.

मुस्तफा : दोन्ही टोकं सारखी. गाठ जागच्या जागी. माशाल्ला, काय हात हाय तुमचा! सोडा आता, हळू.

विजया : हात माझा, डोळा तुमचा. एवढं कळतं, आणि इतकी वर्षं खिळे विकताय?

मुस्तफा : विसाव्या वर्षी अब्बांशी भांडून निघालो. त्यांना होडी शिकवायची होती, मला कुवेत पाहिजे होतं. मोडेन पण वाकणार नाय, असली मिजास. अब्बा गेले, तरी हत्याराला हात लावला नाय.

विजया : रागानं?

मुस्तफा : राग कधीच गेला. लाज वाटायची.

विजया : मी आणखी एक लाकूड मागवणार आहे, मुस्तफाभाई. आता हिंमत आलीय.

मुस्तफा : मागवा... त्याला पहिला रंधा मी मारू?