डिस्कने दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं

...आणि आता जो तो मला म्हणतो की नेम घेतानाच चुकलं तुझं. तुम्हीच सांगा, काय वाईट होतं हो त्या नेमात? चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी मौनाने जेवतं, मी आषाढी एकादशीला देवासमोर हात जोडून म्हटलं, चार महिने कुणालाही 'नाही' म्हणणार नाही. संपलं. शेजारच्या रेवतीताई दुसऱ्या दिवशी त्यांची मांजर ठेवून डेहराडूनला गेल्या, सोसायटीच्या चिटणीसांनी गणपतीच्या एकशे एक मोदकांचं मला जुलैतच सांगून टाकलं, आणि आमच्या ह्यांनी तर काय, सकाळचा तिसरा चहा सुरू केला. मी काय म्हणणार, नेम होता ना.

तर श्रावणातला पहिला शुक्रवार. इथे उत्तरेतल्या लोकांचा सावन आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, त्यामुळे मयूर विहारात आपला श्रावण लागतो तेव्हा यांचा अर्धा उरकलेला असतो, आणि आपणच उशिरा आलोय असं वाटत राहतं. जिवतीचा कागद लावला, आघाडा-दूर्वांची माळ केली, पुरण शिजलं, आणि कहाणी ऐकायला कॉम्प्युटर लावला.

माझ्या आईची कहाणी, तिच्या आवाजातली. ती एका थंडीत दोन महिने आमच्याकडे राहिली होती, तेव्हा हीटरजवळ गोधडी पांघरून तिने सोळा कहाण्या सांगितल्या आणि आमच्या इशिताने त्या कॉम्प्युटरवर भरून ठेवल्या. आई जाऊन आता पावणेदोन वर्षं झाली. माझा प्रत्येक सण त्या सोळा फायलींवर चालतो, तुम्हाला म्हणून सांगते.

उघडते तर काय, 'आजी' नावाच्या फोल्डरमध्ये आजीचं नावच नाही. चौकोन, प्रश्नचिन्हं, कसलीतरी उलटी अक्षरं... मी बंद करून चालू केला. ह्यांनी येऊन डब्याला वरून दोन थापा मारल्या, सरकारी नोकरीत हे एवढं शिकलेत. आतून टक्... टक्... असा आवाज यायला लागला. इशिताला कॉलेजात फोन केला तर ती म्हणाली, "मम्मा, डिस्क करप्ट झालीये. तू बिल्कुल हात नको लावू, मी संध्याकाळी येऊन बघते." बरं म्हटलं. बरंच म्हणणार, नेम होता ना.

आणि मी खरंच हात लावला नाही हो! ताटाभोवती रांगोळी काढत होते, तर पडद्यावर आपोआप एक चौकट आली. तिने मला विचारलं. ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं. एक हो, एक नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी येत नव्हतं का? येतं हो, बी.ए. झालेय मी. पण सगळ्या कहाण्यांत काय होतं, आठवा ना. दारात कुणीतरी येतं, नको त्या वेळी, नको ते मागतं. जी नाही म्हणते तिच्या घरात भाताचे किडे होतात. जी हो म्हणते तिचं गेलेलं सगळं परत येतं. आणि मी तर पुरणावरणाच्या दिवशी, जिवतीसमोर बसलेली... हो दाबलं. तर कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल ना? शहाण्यासारखं दोनदा विचारलं हो त्याने, त्याला बोल लावत नाही मी. मला वाटलं, परीक्षा बघतोय. दुसऱ्यांदा हो म्हटलं. मी काय म्हणणार, नेम होता ना.

अर्ध्या मिनिटात डिस्क कोरी. इतकी स्वच्छ, की मी आधी नमस्कारच केला.

इशिता आली, तिने पाहिलं, आणि ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "मम्मा, असला नेम कुणी करतं का?"

तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आईने शेवटच्या वर्षी मला तीनदा विचारलं होतं, श्रावणात चार दिवस येतेस का गं. पहिल्यांदा मी म्हटलं, नाही गं, इशिताची परीक्षा आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, नाही गं, ह्यांना सुट्टी नाही. तिसऱ्यांदाचं कारण मला आठवत नाही. 'नाही' तेवढं आठवतं.

मग इशिताने काढून दिलेली डिस्क पर्समध्ये घातली आणि पर्स उराशी धरून मेट्रोने नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदार भला माणूस, त्याने सगळं ऐकून घेतलं, नेमासकट, आणि म्हणाला, "आंटीजी, बटन तो ना का भी था." चार दिवस ठेवून घेतली त्याने. फॉरमॅट केल्यावरही थोडंफार निघतं म्हणे, पण डिस्कच आतून खराब झालेली. सोळाच्या सोळा नावं परत आली. आत मात्र खरखर. एकातच आवाज होता, अकरा सेकंद. त्याने मला हेडफोन दिला. आई म्हणते, "...आटपाट नगर होतं... थांब गं, सुनयना, गॅसवर दूध ठेवलंयस का तू?" आणि संपलं. मी त्या दुकानात, एवढ्या माणसांत, मोठ्याने म्हटलं, हो आई, बघते.

त्यानंतर कहाणी आठवून आठवून लिहायला बसले, तर निम्मी येईना. साताऱ्याला हौसामावशीला फोन लावला, आईची धाकटी बहीण, ब्याऐंशी वर्षांची. तिने आधी माझ्याच कहाणीत चार चुका काढल्या. म्हणाली, तुझी आई पहिल्यापासून चुकीचीच सांगायची, आम्ही तिला हसायचो. माझ्या आईची ती चूकसुद्धा गेली हो, मला ती चूकच हवी होती.

आता दर शुक्रवारी मावशीला फोन करते. रेकॉर्डिंग लावते, इशिता त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवते. कहाणी काही मावशी सांगत नाही, गुडघा सांगते. डावा पाऊण तास, उजवा वीस मिनिटं. मी मध्ये बोलत नाही. तुमचीही कुणीतरी असेलच अशी, गुडघा सांगणारी. तेवढा एक नेम तुम्हीही धरा माझ्याबरोबर. तिला फोन लावा, आणि सांगू द्या. शुक्रवार नसला तरी चालतो.