पत्रिकेतलं बारीक अक्षर

अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या छापखान्यात मालिनीताई कीर्तनाची पत्रकं न्यायला अभंग गुणगुणत थांबल्या होत्या. त्यांच्या पुढे दोघी जावा राजसीच्या लग्नपत्रिकेचा नमुना धरून उभ्या होत्या.

"शलाका, तुझ्या नवऱ्याचं 'उपअभियंता, पाटबंधारे विभाग' केवढं ठळक आलंय बघ. आणि ह्यांचं 'शिपाई' मुंगीएवढं."

"बारीक करा म्हणून तुम्हीच सांगितलंत, वहिनी."

"सांगितलं. आता शेजारी बघवत नाही."

"मग दोघांचंही ठळक करू."

"शिपाई ठळक? राजसीच्या सासरी वाचून दाखवायला?"

"तर दोघांची पदं काढूनच टाकू."

"म्हणजे मी भावजींवर जळते म्हणायला सगळे मोकळे. अहो दादा, पद बारीकच ठेवा, खात्याचं नाव मोठं करा. दोघं एकाच ऑफिसात आहेत. आणि ह्यांचं नाव वर घ्या."

"साहेबांच्या वर?" छापखानेवाल्याने विचारलं.

"हे थोरले आहेत. ऑफिसात धाकटा भाऊ आला की उठून उभे राहतात."

"घरी थोरले भाऊजी आले की आमचे उठतात ना, वहिनी."

मालिनीताईंच्या ओठांवरचा अभंग थांबला.

"घरी कोण बघतं गं, शलाका?"