मिशी मालकाची, माणूस माझा

नाव ओळखपत्रावर आहे तेच. स्टुडिओत मला सगळे कात्रीबाई म्हणत. वय ७६ वर्षे. धंदा फिल्म जोडणी, आता निवृत्त. राहणार स्टुडिओमागची कामगारांची घरे, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती याच स्टुडिओत बातमीपटाचे कॅमेरामन होते. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी त्यांना आघाडीवर पाठवले. ते परत आले नाहीत, फिल्मचे चार डबे आले. ते मीच जोडले. चौथ्या डब्यात काय होते ते मी सांगणार नाही.

त्याच काळात स्टुडिओच्या मालकांनी मागच्या आवारात वाळूची पोती रचून लढाई उभी केली. तीही मीच जोडली. पोत्यावर गिरणीचा शिक्का दिसला की तेवढा तुकडा कापायचा, हे माझे काम. मालकांनी आघाडी पाहिली ती एवढीच.

गेल्या वर्षी स्मारक समितीचे चिटणीस घरी आले. हे मालकांचे नातू. म्हणाले, "आजी, युद्धकाळात चित्रपटवाल्यांनी जे काम केलं त्याचा ब्राँझचा फलक फाटकाशी लावतोय. तुमच्या मिस्टरांचा फोटो द्या, मूर्तिकार त्यावरून घडवेल." मी भिंतीवरचा काढून दिला. फोटोत हे कॅमेऱ्याला डावा डोळा लावून उभे आहेत. सगळे उजवा लावतात. ह्यांचा उजवा लहानपणापासून अधू होता.

परवा पाहुण्यांसमोर फलकावरचा पडदा काढला. डोळा डावा. वाकलेला खांदा ह्यांचा. कोपरावर मी लावलेले ठिगळसुद्धा जसेच्या तसे. आणि कॅमेऱ्याबाहेरच्या अर्ध्या चेहऱ्यावर मालकांची झुबकेदार मिशी, मालकांची दुहेरी हनुवटी! खाली अक्षरे, 'आघाडीवर चित्रीकरण करताना आमचे संस्थापक'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चिटणिसांना तिथेच गाठले. ते म्हणाले, "आजी, ते प्रतीक आहे हो. मनाला लावून घेऊ नका." मी म्हटले, "प्रतीकाला तुझ्या आजोबांची मिशी कशी फुटली रे, निर्लज्जा?" ते हसले आणि आजींना सरबत द्या म्हणाले.

आज सकाळी दहा वाजता मी कानस घेऊन गेले आणि मिशी घासून काढली. पाऊण तास लागला. बसायला खुर्ची कोणी दिली असे विचारता, ती तिथेच होती. पहारेकऱ्याचा काही संबंध नाही, तो बिचारा पाठ करून उभा होता.

आत्ता ठाण्यात चिटणीस म्हणतात, वयामुळे भ्रम झाला असे लिहून द्या, तक्रार मागे घेतो. मला कसला भ्रम? भ्रम येणाऱ्या-जाणाऱ्यांना व्हावा म्हणून तर तो फलक आहे. स्टुडिओच्या दफ्तरात ह्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, 'कॅमेरा परत आला नाही.' म्हणून इथे लिहून घ्या, फलकावरचा माणूस माझा नवरा आहे. मग काय खटला भरायचा तो खुशाल भरा.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी 'फलक विद्रूप केला' असे लिहिले होते, ते खोडायला लावून मी 'मिशी काढली' असे घालून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. जप्त केलेली कानस परत मिळावी. हनुवटी राहिली आहे.