नुसती सूज

दवाखान्यात नंबराची वाट बघत शिवणकामवाल्या बाई ब्लाउजला हुक लावत होत्या. शेजारच्या माणसानं फोन ठेवला, तेवढ्यात त्याची बायको औषधं घेऊन आली.

“अहो, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय करून बसलात? कॅन्सर नाही म्हणाले ना डॉक्टर!”

“हो. आतड्याला नुसती सूज.”

“गोळ्यांनी जाईल म्हणाले.”

“सूज जाईल. पोरीचं लग्न मात्र उरकून बसलो.”

“तुमच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणूनच ना?”

“तिला तो मुलगा नको होता गं. मीच पोट धरून रडलो तिच्यापुढे.”

“आता ते कशाला उगाळताय? तिला कळवलंत?”

“आत्ताच. आनंदानं रडली.”

“बघा! आणि काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘बाबा, मग मी आता घरी येऊ?’”