काचेवरचं रक्त

डॉक्टर: खरं सांग सयाजी. क्विनाइनच्या गोळ्या आईनं गिळल्या, की कडू लागतात म्हणून थुंकून टाकल्या?

सयाजी: गिळल्या सायेब. आठ दिस, दिसातनं तीनदा. म्या सोता पान्याचा तांब्या हातात दिलाय.

डॉक्टर: मग ताप उतरायला हवा होता. कडेगावहून तू तिच्या रक्ताची काच आणलीस, त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली मी. हिवतापाचे जंतू स्पष्ट दिसले. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. किती हायसं वाटलं होतं मला!

सयाजी: आई त्या पडद्याआड बाकावर निजलीया. हितलं बोलनं तिला ऐकू जातं का?

डॉक्टर: प्रवासानं दमली आहे, झोपली असेल. का रे?

सयाजी: सायेब, त्या काचंवरचं रगत तिचं नव्हतं.

डॉक्टर: मग कुणाचं?

सयाजी: माजं.

डॉक्टर: अरे, तुला सुई दिली, काच दिली, थेंब कसा पसरायचा ते दोनदा करून दाखवलं! पलटणीत दवाखान्याच्या तुकडीत होतास म्हणून भरवसा ठेवला मी!

सयाजी: व्हय. बर्मात लोकांची आतडी आत ढकलून पट्ट्या बांधल्यात म्या. पन हिचं बोट हातात धरलं आनि हात चालंना. नुसती काडी झालीया. सा म्हैने झालं, ह्या दवाखान्यात टोच, त्या दवाखान्यात टोच. ती म्हनली, "सया, आता नगं रं." मग वाटलं, तिच्याच पोटचा मी. तिचं रगत आनि माजं काय येगळं असनार?

डॉक्टर: बर्मात हिवताप झाला होता तुला?

सयाजी: दोनदा. आता लढाई सपून वरीस झालं की.

डॉक्टर: अजून हुडहुडी भरते?

सयाजी: कवाकवा.

डॉक्टर: म्हणजे जंतू तुझे. आणि गोळ्या दिल्या तिला.

सयाजी: मग तिला काय हाय?

डॉक्टर: तेच तर कळायचं होतं. तिच्या पोटात कॅन्सरची गाठ आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्या गाठीनंही ताप येतो, आत पू धरला तरी येतो. बाहेरून दोन्ही सारखेच. पू असेल तर रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणून ती काच मागवली होती.

सयाजी: म्हंजी आठ दिस आत पू वाढत ऱ्हायला?

डॉक्टर: पू असेल, तर वाढला असेल.

सयाजी: असंल-बिसंल नगा म्हनू. व्हय म्हना.

डॉक्टर: हो. बहुतेक हो. पण सगळं खापर स्वतःवर फोडू नकोस. तुमच्या गावात हिवतापाचा दुसरा रोगी नाही. ती अंथरुणातून उठत नाही. मग तिलाच कुठून झाला, हे मी विचारायला हवं होतं. कॅन्सरच्या बाईला बरा होणारा आजार निघाला, याचाच मला आनंद झाला. पुढं बघितलंच नाही. लाज वाटते मला.

सयाजी: तिला सांगू नगा सायेब. पाया पडतो.

डॉक्टर: नाही सांगत. पण आता थेंब तिच्याच बोटाचा हवा, आणि आत्ता हवा. पेशी वाढलेल्या निघाल्या तर चिठ्ठी देतो, मिरजेला पेनिसिलीन मिळेल. थोडंच आलंय, चिठ्ठीशिवाय देत नाहीत. उशीर झालाय, पण अजून हात टेकलेले नाहीत.

हरणाबाई: सया, त्यो पडदा सार बाजूला.

सयाजी: आई! जागी हायस?

हरणाबाई: त्या दिशी बी जागीच हुते. चुलीपाशी पाठमोरा बसून सोताचं बोट टोचलंस. मला का दिसत न्हाई व्हय?

सयाजी: मग बोलली का न्हाईस?

हरणाबाई: टोचू नगं म्हननारी मीच. कुटल्या तोंडानं बोलू? वाटलं, काय निघतंय त्यातनं! आनि तू हिवताप म्हनत गोळ्या घिऊन आलास. तवा समदं उमगलं मला.

डॉक्टर: हरणाबाई, कळलं होतं तर मग गोळ्या घेतल्या कशाला?

हरणाबाई: कुटं घेतल्या? दाढंखाली धरायची, ह्येनं पाठ फिरवली की काडून पदरात बांधायची. ताप त्येचा, मग औशीद बी त्येचंच न्हवं का डाक्टर?

सयाजी: आई, काय केलंस गं ह्ये!

हरणाबाई: तू केलंस तेच की. घे, पदर सोड. काई इरघळल्यात, पन हायती समद्या. रातीला दात वाजत्यात तुजं, मला ऐकू येतं.

सयाजी: आदी बोट दे. येळ न्हाई आता.

हरणाबाई: देते की. तू एक गोळी खा माज्या म्होरं. मग तूच टोच, डाक्टरानं नगं.

डॉक्टर: खा सयाजी. हे घे पाणी.

सयाजी: ...लय कडू हाय गं.

हरणाबाई: ठावं हाय मला. टोच आता.