जोत्यावर बसलेली होडी

पैठणला आईचा दहावा करून मी एसटीनं परतत होते. पुढच्या बाकावर दोघं मित्र बसले होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल, मांडीवर गुंडाळलेलं शीड.

“नाना, शिडाची होडी घेऊन गेलो आणि धरणात नांगरट करून आलो.”

“पाणीच नाय, तर होडी काय करंल श्रीनिवास?”

“पण एवढं धरण सोडून नेमकी तिथंच कशी रुतली?”

“रुतली नाय. आमच्या घराच्या जोत्यावर बसली.”

“म्हणून दर रविवारी तिकडंच वळवायचास! मला वाटायचं, तुला सुकाणू धरता येत नाही.”

“गाव बुडालं तवा मी लहान व्हतो. चूल कुठं व्हती, ते आईलाच म्हाईत. दर उन्हाळ्यात इचारती, घर उघडं पडलं का म्हणून.”

“मग आज काय सांगणार?”

“नाय पडलं म्हणीन. उगं रडत बसंल.”

“तू तरी कुठं कोरडा होतास?”

“वारं लागलं डोळ्याला.”

“वारं? शीड तर हलत नव्हतं.”

“गप रे. नेऊ तिला पुढच्या उन्हाळ्यात.”

“तेव्हा तिथं पाणी असलं तर?”

“तर त्याच्या पुढच्या.”

मी पुढं वाकले. “दादा, येत्याच रविवारी न्या.”

दोघांनी वळून पाहिलं. नानांची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर, तिच्यातून डोकावणाऱ्या आईच्या हार घातलेल्या फोटोवर थांबली.

“चिखलात चालवत नाय वो तिला, ताई.”

“चालायचं कशाला?” श्रीनिवास म्हणाला. “तिला होडीत बसवू. ओढायला आपण दोन बैल आहोतच.”

“डावीकडचा तू,” नाना म्हणाले. “तो लई आळशी असतो.”