‘क्ष’पाशी थांबलेली सही

दिनांक ९ ऑक्टोबर २०२४, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.

मी, गोदावरी ऊर्फ गोदूबाई दिवाकर आठल्ये, वय ७१ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार सदर बाजारामागे, झाशी, समक्ष हजर राहून सांगते की, माझी सून मला छळत नाही. हे आधी लिहून घ्यावे. बाकीचे मागाहून सांगते, कारण ती समोरच्या बाकावर बसली आहे आणि रडून रडून तिचे नाक लाल झाले आहे.

हा जबाब मी माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. उपनिरीक्षक आभाजी म्हणाल्या, "माताजी, हिंदी में तो आप हमारी मात्राएँ ठीक करने लगती हैं. अपनी भाषा में लिख दीजिए, अनुवाद हम करवा लेंगे." सवय आहे, जात नाही.

घरी मी, मुलगा सुमेध व सून क्षमा असे तिघे राहतो. सुमेध रेल्वेत आहे व आज ड्युटीवर आहे. क्षमा मऊरानीपुरची, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या घरातली. लग्नाला चार वर्षे झाली. तिला मराठी सगळी समजते, बोलताना मात्र गाडी अडते.

शारदोत्सवात दि. ११ रोजी आमच्या मराठी मंडळाचे नाटक आहे. ते मी लिहिले आहे. तीनशे वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडे कडक सोवळ्या ख्रिस्ती लोकांचे एक गाव असते. तिथे मार्था नावाच्या म्हातारीला चेटकीण ठरवतात. शेजाऱ्याचा डोळा तिच्या कुंपणाकडच्या जमिनीवर असतो, म्हणून तो खोटी साक्ष देतो. मग तिची सून ज्युडिथही तिच्याविरुद्ध बोलते. जी कबूल करेल ती सुटेल आणि जी खरे बोलेल ती फासावर जाईल, असा तिथला न्याय. मार्थाचे काम मी करते. ज्युडिथ झालेली बाई आजारी पडल्यामुळे ते काम सोमवारी क्षमाच्या गळ्यात पडले. ती नको नको म्हणत होती, मीच ऐकले नाही.

सोमवारपासून रोज दुपारी २ ते ३.३० आम्ही पुढच्या खोलीत तालीम करतो. ज्युडिथचे वाक्य असे आहे: "मार्थाबाई, कबूल करा, नाहीतर फाशी होईल!" क्षमा दर वेळी म्हणते, "मम्मीजी, कबूल करा, नाहीतर फाशी होईल!" मी वीस वेळा सांगितले, अगं, मार्थाबाई म्हण. ती म्हणते, "आपको नाम लेकर कैसे बुलाऊँ?"  ज्युडिथच्या त्या वाक्यावर मी जमिनीवर पडून ओरडते, कारण नाटकात तसे लिहिले आहे. माझा आवाज शाळेत कमावलेला आहे, तो लांबवर जातो.

आमची एक भिंत श्यामसुंदरजींच्या घराला लागून आहे. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. भिंतीपलीकडून त्यांना काय ऐकू गेले असेल ते आता कळते. मम्मीजी, कबूल आणि फाशी हे तिन्ही शब्द कोणालाही समजतील. काल सकाळी फाटकापाशी त्यांनी मला विचारले होते, "भाभीजी, घर में सब ठीक है न?" मी म्हटले, "बस भैया, अब तो फाँसी ही बाकी है." थट्टा करायची खोड मला लहानपणापासून आहे. ती आज भोवली, पण माझ्याऐवजी पोरीला.

आज ३.४५ वाजता मी नाटकातल्या पांढऱ्या टोपड्यांसाठी सदर बाजारात शिंप्याकडे गेले. ४.१५ च्या सुमारास श्यामसुंदरजींच्या फोनवरून पोलीस घरी आले. फाशी होईल असे म्हणालात का, असे त्यांनी क्षमाला विचारले. ती म्हणाली, "जी, कहा था." कधीपासून? "सोमवार से." असे उत्तर द्यायला फार सरळ मन लागते. मग ती म्हणाली, "मैं तो मम्मीजी के साथ नाटक कर रही थी." त्यावर शिपाई आशिष म्हणाला, "हाँ, सब बहुएँ यही कहती हैं, कि बुढ़िया नाटक करती है." यात आशिषचा फारसा दोष नाही. मी हिंदी शाळेत तीस वर्षे शिकवले आहे, 'नाटक करना' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

तिला ठाण्यात नेऊन तिच्यापुढे माफीनामा ठेवला. सासूला त्रास दिला, पुन्हा देणार नाही, असा मजकूर होता. सही केली की घरी जाता येईल, असे सांगितले. ४.५० वाजता तिने मला सही करू का, असे विचारायला फोन केला. मी ऑटोत होते, खूप आवाज होता. मी ओरडून म्हटले, "क्षमा, सही करू नकोस!" तिला त्या गोंधळात 'सही' आणि 'नको' एवढेच ऐकू आले. हिंदीत सही म्हणजे बरोबर; तिला वाटले, मी म्हणते आहे, तू सही नहीं कर रही, म्हणजे तू चुकलीस. आणि मम्मीजी चुकलीस म्हणतात म्हटल्यावर तिने पेन उचलले.

५.०५ वाजता मी पोचले तेव्हा तिचा 'क्ष' लिहून झाला होता. मी तिच्या हातून पेन काढून घेतले. सरकारी कामात हात घातला हे मान्य आहे. परंतु त्या कागदावरचे एक अक्षर सही धरू नये आणि तो कागद रद्द करावा, ही माझी विनंती आहे. उद्या हा कागद मऊरानीपुरला तिच्या वडिलांच्या कानावर गेला, तर चार माणसांत त्यांची मान खाली जाईल. तिने माफी मागण्यासारखे काहीही केलेले नाही. नाव क्षमा आहे म्हणून काय रोज मागायची?

तालमीत क्षमा मला एकच प्रश्न विचारते, "मम्मीजी, ये ज्युडिथ झूठ क्यों बोलती है?" मी सांगते, भीतीने. दुसरीकडे बोट दाखवले नाही तर ते आपल्यावर येईल म्हणून. तिला ते पटत नाही. ती म्हणते, "डर लग रहा था तो सास को आकर बता देती." मी तिला हसले होते.

आज मी तिला विचारले, न केलेला गुन्हा का कबूल करत होतीस? ती म्हणाली, "साइन कर देती तो आपको थाने की सीढ़ी नहीं चढ़नी पड़ती. आपके घुटने में दर्द है." माणूस खोट्यावर सही करतो त्याचे हे कारण माझ्या नाटकात नाही. मी चार वर्षे तिच्या मराठीतल्या चुका काढत आले. तिच्याबद्दल मला काय वाटते ते कधी बोलले नाही, ते इथे लिहिते. मला ती फार आवडते.

श्यामसुंदरजींविरुद्ध माझी तक्रार नाही. आमच्या नाटकातला शेजारी जमिनीसाठी बोलला, हे माझ्या काळजीने बोलले. शुक्रवारी त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहे. आशिषने व आभाजींनीही यावे.

ठाण्यात मराठी वाचणारे दुसरे कोणी नसल्याने वर लिहिलेले सर्व मला क्षमानेच मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या परिच्छेदातले नाक तिने गाळले, ते मी परत वाचायला लावले. 'आवडते' या शब्दापाशी ती थांबली, तेव्हा आभाजींनी पाणी मागवले. वाचून झाल्यावर तिने विचारले, "मम्मीजी, सही?" मी म्हटले, हो बाळा, सही. आणि मग केली.

सही: गोदूबाई दिवाकर आठल्ये

वाचून दाखवणार, पूर्ण सही: क्षमा सुमेध आठल्ये